मुक्तस्रोत दृश्यप्रक्रिया सॉफ्टवेअरची वाटचाल : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

संगणकाच्या इतिहासात अंक, अक्षर, चित्र आणि चलचित्र अशा क्रमाने माहितीचे विविध प्रकार यंत्राच्या आवाक्यात आले. यांपैकी चलचित्र सर्वांत उशिरा आले, कारण ते सर्वांत अवजड होते. ६४० × ४८० पिक्सेलची एक रंगीत चौकट जशीच्या तशी साठवण्यास सुमारे ९ लाख २१ हजार बाइट लागतात. सेकंदाला अशा २५ चौकटी धरल्यास एका सेकंदाला सुमारे २३ मेगाबाइट आणि एका तासाला जवळजवळ ८३ गिगाबाइट माहिती जमा होते. १९९० च्या दशकातील घरगुती संगणकाची संपूर्ण हार्ड डिस्कही एवढ्या माहितीपुढे तोकडी होती. त्यामुळे चलचित्रावर काम करू इच्छिणाऱ्यांसमोर दोन प्रश्न उभे होते. पहिला, ही माहिती लहान कशी करावी. आणि दुसरा, तिच्यात काय दिसते आहे हे यंत्राला कसे कळावे.

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत प्रामुख्याने मोठ्या कंपन्या आणि निवडक विद्यापीठीय प्रयोगशाळा यांच्याकडेच होती. पुढील सुमारे वीस वर्षांत ही स्थिती पालटली. व्हिडिओचे संकोचन करणारी, हालचाल टिपणारी, चेहरे आणि वस्तू शोधणारी साधने कोणालाही विनामूल्य, मूळ संकेतासह उपलब्ध झाली. हा बदल कोणी घडवून आणला, त्यामागील हेतू कोणते होते आणि त्यातून कोणते नवे प्रश्न निर्माण झाले, याचा मागोवा प्रस्तुत शोधनिबंधात घेण्यात आला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) मुक्तस्रोत दृश्यप्रक्रिया सॉफ्टवेअरच्या विकासाचे प्रमुख टप्पे स्पष्ट करणे.
२) या सॉफ्टवेअरच्या निर्मितीमागील भिन्न हेतूंचा शोध घेणे.
३) पेटंट आणि परवाना यांचा या विकासावर झालेला परिणाम तपासणे.
४) खुलेपणा आणि पाळत यांच्यातील परस्परसंबंधाचा विचार करणे.

पूर्वपीठिका :

यंत्राला दृष्टी देण्याची कल्पना मुक्तस्रोत चळवळीपेक्षा जुनी आहे. १९६६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात एमआयटी येथे सीमोर पॅपर्ट यांनी उन्हाळी सुटीसाठी एक दृष्टीविषयक प्रकल्प आखला. चित्रातील वस्तू आणि तिची पार्श्वभूमी यंत्राने वेगळी करावी, अशी त्यात अपेक्षा होती. एका उन्हाळ्यासाठी योजलेले हे काम पुढे अनेक दशके अपुरेच राहिले. तथापि त्या प्रयत्नांतून गणिती पाया घातला गेला. १९८१ साली ब्रूस लुकास व ताकेओ कानादे यांनी, तसेच बर्थोल्ड हॉर्न व ब्रायन शुंक यांनी, लागोपाठच्या चौकटींतील बिंदूंचे सरकणे मोजण्याच्या पद्धती मांडल्या. १९८६ साली जॉन कॅनी यांची कडा शोधण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. या सर्व पद्धती शोधनिबंधांतून सर्वांना वाचता येत होत्या. परंतु त्या प्रत्यक्ष चालविण्यासाठी लागणारा संकेत प्रत्येक प्रयोगशाळेला स्वतंत्रपणे लिहावा लागत असे.

याच काळात सॉफ्टवेअरच्या मालकीविषयीचा विचारही बदलत होता. रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झाले आणि १९८९ मध्ये जनरल पब्लिक लायसन्स अर्थात जीपीएल हा परवाना प्रथम प्रसिद्ध झाला. सॉफ्टवेअर कोणत्याही हेतूसाठी वापरण्याचे, त्याचा अभ्यास करण्याचे, ते बदलण्याचे आणि इतरांना देण्याचे स्वातंत्र्य हा या विचाराचा गाभा होय. १९९१ पासून विकसित झालेल्या लिनक्सने या विचाराला भक्कम व्यावहारिक अधिष्ठान दिले. १९९८ साली ‘ओपन सोर्स’ ही संज्ञा रूढ झाली आणि व्यापारी जगतालाही हा मार्ग मोकळा वाटू लागला. दृश्यप्रक्रियेतील मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा जन्म या दोन प्रवाहांच्या संगमावर झाला.

संकोचन आणि प्रसारण : व्हिडिओलॅन व एफएफएमपेग :

पहिला महत्त्वाचा प्रयत्न फ्रान्समधील विद्यार्थ्यांनी केला. पॅरिसजवळील एकोल सांत्राल या अभियांत्रिकी संस्थेच्या परिसरातील संगणकजाळे १९९० च्या दशकाच्या मध्यास अतिशय संथ झाले होते. वसतिगृहातील विद्यार्थ्यांना वेगवान जाळे हवे होते आणि त्यासाठी सबळ कारण दाखविणे आवश्यक होते. उपग्रहावरून येणारे दूरचित्रवाणीचे कार्यक्रम जाळ्यामार्फत प्रत्येक खोलीत पोहोचविण्याची कल्पना त्यातून पुढे आली. १९९६ साली व्हिडिओलॅन प्रकल्प सुरू झाला. १९९८ मध्ये त्याचा संकेत नव्याने लिहिण्यात आला आणि संस्थेची अनुमती मिळाल्यावर १ फेब्रुवारी २००१ रोजी तो जीपीएलखाली खुला करण्यात आला. व्हीएलसी या नावाने जगभर पोहोचलेले सॉफ्टवेअर हे या प्रकल्पाचेच फलित होय.

दुसरा प्रयत्न एका व्यक्तीचा होता. फाब्रिस बेलार या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने २००० साली एफएफएमपेग प्रकल्पाचा आरंभ केला. निरनिराळ्या संकोचनपद्धतींनी साठविलेला व्हिडिओ वाचणे, तो उलगडणे आणि दुसऱ्या पद्धतीत पुन्हा बांधणे ही सर्व कामे एकाच आज्ञावलीसंग्रहाने करावीत, असे त्याचे स्वरूप होते. बेलार यांच्यानंतर मिखाएल नीडरमायर यांनी अनेक वर्षे या प्रकल्पाचे नेतृत्व केले.

एफएफएमपेगचे महत्त्व समजण्यासाठी व्हिडिओ संकोचनाची मूळ कल्पना लक्षात घ्यावी लागते. लागोपाठच्या दोन चौकटींमध्ये बहुतांश भाग सारखाच असतो. म्हणून एक चौकट पूर्ण साठवून पुढील चौकटींतील केवळ फरक आणि चित्रखंडांचे सरकणे नोंदविले जाते. हे काम तत्त्वतः सोपे असले तरी प्रत्येक प्रमाणपद्धतीचे तपशील गुंतागुंतीचे असतात आणि ते पाळणारा संकेत लिहिणे हे चिकाटीचे काम आहे. एफएफएमपेगच्या स्वयंसेवकांनी ते सातत्याने केल्यामुळे पुढे आलेल्या असंख्य प्रकल्पांना तयार पाया मिळाला. कॅमेऱ्यातून आलेला व्हिडिओ उलगडण्यासाठी वस्तुशोधाची मुक्तस्रोत साधनेही मोठ्या प्रमाणावर एफएफएमपेगवरच विसंबून राहिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स यानाच्या अवतरण-कॅमेऱ्यांच्या प्रणालीतही एफएफएमपेगचा वापर करण्यात आला होता.

मात्र स्वयंसेवकांचा हा संसार नेहमीच सुखाचा राहिला नाही. नेतृत्व आणि कार्यपद्धती यांविषयीच्या मतभेदांतून मार्च २०११ मध्ये ‘लिबएव्ही’ नावाची शाखा वेगळी झाली. डेबियन या लिनक्स वितरणाने काही वर्षे लिबएव्हीचा स्वीकार केला. २०१५ मध्ये ते पुन्हा एफएफएमपेगकडे वळले. त्याच वर्षी नीडरमायर यांनी नेतृत्वपदाचा त्याग केला. पुढे लिबएव्हीचे काम थांबले. संकेत खुला असल्यामुळे वेगळी चूल मांडता आली आणि त्याच कारणामुळे एका शाखेतील उपयुक्त सुधारणा दुसरीला घेताही आल्या, ही बाब या प्रसंगातून स्पष्ट होते.

ओपनसीव्ही : व्यापारी हेतूतून सार्वजनिक साधन :

ओपनसीव्ही या संग्रहाचा उगम विद्यार्थ्यांच्या गरजेतून झाला नाही आणि एका व्यक्तीच्या छंदातूनही झाला नाही. त्याचा आरंभ १९९९ मध्ये इंटेल या प्रक्रियक बनविणाऱ्या कंपनीत झाला. तेथील संशोधक गॅरी ब्रॅडस्की यांना विद्यापीठांना भेटी देताना एक गोष्ट जाणवली. एमआयटीच्या मीडिया लॅबसारख्या अग्रगण्य ठिकाणी दृश्यप्रक्रियेचा संकेत एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्याकडे वारसा म्हणून जात होता आणि नव्या विद्यार्थ्याला आधीच्या कामावर उभे राहता येत होते. ही सोय इतरत्र नव्हती. ती सर्वांना उपलब्ध करून द्यावी, या विचारातून हा प्रकल्प साकारला. रशियातील इंटेलच्या तज्ज्ञांनी, विशेषतः वादिम पिसारेव्स्की यांनी, त्याच्या जडणघडणीत मोलाचा वाटा उचलला.

या औदार्यामागे व्यापारी हिशेबही होता. दृश्यप्रक्रियेला प्रचंड गणनक्षमता लागते. असे उपयोग वाढल्यास वेगवान प्रक्रियकांची मागणी वाढणार, हे उघड होते. म्हणूनच इंटेलने जीपीएलऐवजी बीएसडी प्रकारचा सैल परवाना निवडला. या परवान्यानुसार कोणतीही कंपनी हा संकेत आपल्या उत्पादनात वापरू शकत होती आणि स्वतःचा संकेत उघड करण्याचे बंधन तिच्यावर नव्हते. ओपनसीव्हीची प्राथमिक आवृत्ती २००० साली संगणकीय दृष्टीविषयक सीव्हीपीआर परिषदेत सादर झाली आणि पहिली पूर्ण आवृत्ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली.

दरम्यान या साधनाची कसोटी वाळवंटात लागली. ८ ऑक्टोबर २००५ रोजी अमेरिकेतील मोहावे वाळवंटात झालेल्या चालकविरहित वाहनांच्या स्पर्धेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘स्टॅनले’ या वाहनाने सुमारे २१२ किलोमीटरचे अंतर सात तासांहून कमी वेळात पार करून २० लाख डॉलरचे पारितोषिक मिळविले. या वाहनाचे लेझर संवेदक जवळचा रस्ता अचूक हेरत असत. त्या रस्त्याचा रंग व पोत कॅमेऱ्याच्या चित्रातून शिकून दूरवरचा रस्ता ओळखण्याचे काम दृष्टीप्रणाली करीत असे आणि या प्रणालीत ओपनसीव्हीचा महत्त्वाचा भाग होता.

इंटेलचा उत्साह मध्यंतरी ओसरला. तरीही संकेत खुला असल्यामुळे प्रकल्प संपुष्टात आला नाही. २००८ पासून विलो गॅरेज या यंत्रमानव-संशोधन संस्थेने त्याला आधार दिला. ऑक्टोबर २००९ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने सी प्लस प्लस भाषेतील नवी मांडणी स्वीकारली. २०१२ पासून एका ना-नफा संस्थेने त्याची धुरा सांभाळली. २०१६ मध्ये इंटेलने ओपनसीव्हीच्या विकासात अग्रभागी असलेली ‘इटसीझ’ ही कंपनी विकत घेतली. अशा रीतीने आश्रयदाते बदलत गेले. साधन मात्र टिकून राहिले.

हालचाल ओळखणे : घराच्या राखणीची आज्ञावली :

हालचाल टिपण्याची सर्वांत साधी पद्धत म्हणजे आधीच्या चौकटीतून नंतरची चौकट वजा करणे. ज्या पिक्सेलचे मूल्य ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक बदलले, ते पिक्सेल मोजले जातात आणि त्यांची संख्या पुरेशी असल्यास हालचाल झाली असे मानले जाते. येरून फ्रेकेन यांनी २००० च्या सुमारास लिनक्ससाठी सुरू केलेल्या ‘मोशन’ या आज्ञावलीचा हाच पाया आहे. या आज्ञावलीत ही मर्यादा आरंभी १,५०० पिक्सेल इतकी ठेवलेली असते. ६४० × ४८० च्या चौकटीत एकूण ३,०७,२०० पिक्सेल असल्याने अर्ध्या टक्क्याहूनही कमी भाग बदलला तरी चित्रण सुरू होते.

ही पद्धत सोपी असली तरी भाबडी आहे. वाऱ्याने हलणारी फांदी, ढगाआड जाणारा सूर्य, अचानक लागलेला दिवा किंवा अंधारात कॅमेऱ्यात उमटणारे ठिपके हे सारे तिला हालचालच वाटते. म्हणून ‘मोशन’मध्ये चित्राचा काही भाग झाकण्याची, विखुरलेले ठिपके वगळण्याची आणि संपूर्ण चौकट एकदम उजळल्यास दुर्लक्ष करण्याची सोय क्रमाने आली. हालचाल आढळताच छायाचित्र साठविणे, चित्रफीत तयार करणे किंवा वापरकर्त्याने नेमलेली दुसरी आज्ञा चालविणे ही कामेही ती करू लागली.

फिलिप कूम्ब्स यांनी विकसित केलेल्या ‘झोनमाइंडर’ची जन्मकथा अधिक बोलकी आहे. त्यांच्या गॅरेजमधून अवजारे चोरीस गेल्यानंतर त्यांनी ही प्रणाली लिहावयास घेतली. अनेक कॅमेरे एकत्र हाताळणे, चित्राचे विभाग पाडून प्रत्येकासाठी वेगळी संवेदनक्षमता ठरविणे आणि घटनांची नोंद ठेवणे ही तिची वैशिष्ट्ये होत. त्या काळी अशा व्यावसायिक प्रणाली सामान्य घरमालकाच्या आवाक्याबाहेर होत्या. येथे सॉफ्टवेअरचा कर्ता आणि राखणदार एकच होता. ज्या दारावर कॅमेरा रोखलेला होता, ते दारही त्याचेच होते. ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. २०१२ मध्ये ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि २०१३ मध्ये त्याचा कॅमेरा बाजारात आल्यावर अशा घरगुती प्रणालींचा खर्च आणखी उतरला.

याच सुमारास विद्यापीठीय संशोधनानेही हा प्रश्न हाती घेतला होता. १९९९ साली एमआयटीतील ख्रिस स्टॉफर आणि एरिक ग्रिमसन यांनी पार्श्वभूमीचे सांख्यिकीय प्रारूप मांडले. हलत्या फांदीमागील एखादा पिक्सेल कधी पानाचा, तर कधी आकाशाचा रंग दाखवितो. म्हणून प्रत्येक पिक्सेलसाठी एकच ‘नेहमीचा रंग’ न मानता अशा तीन ते पाच रंगवितरणांचे मिश्रण ठेवावे आणि त्यांपैकी कोणत्याही वितरणात न बसणारा पिक्सेल हलत्या वस्तूचा समजावा, असे या पद्धतीचे सूत्र होते. झोरान झिव्कोविच यांनी २००४ मध्ये तिच्यात सुधारणा केली आणि ही सुधारित पद्धत पुढे ओपनसीव्हीत समाविष्ट झाली. प्रयोगशाळेतील गणित आणि घरगुती राखणदारी यांच्यातील अंतर अशा प्रकारे कमी होत गेले.

चेहरा शोधणे : व्हायोला व जोन्स यांची पद्धत :

हालचाल झाली हे कळणे निराळे आणि कोणती वस्तू दिसली हे कळणे निराळे. या दुसऱ्या दिशेने पहिले मोठे व्यावहारिक यश २००१ मध्ये मिळाले. पॉल व्हायोला आणि मायकेल जोन्स यांनी ३८४ × २८८ पिक्सेलच्या चित्रांत सेकंदाला १५ चौकटी या वेगाने चेहरे शोधून दाखविले आणि त्यासाठी ७०० मेगाहर्ट्झचा साधा पेंटियम ३ प्रक्रियक पुरेसा ठरला.

त्यांच्या पद्धतीत तीन कल्पनांचा मेळ होता. पहिली, चित्रातील मूल्यांची बेरीज आधीच अशा रीतीने मांडून ठेवणे की कोणत्याही आयताची बेरीज केवळ चार नोंदी पाहून मिळावी. दुसरी, डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षा गडद असतो यांसारख्या साध्या प्रकाश-छाया वैशिष्ट्यांच्या प्रचंड साठ्यातून उपयुक्त वैशिष्ट्ये यंत्राकरवीच निवडून घेणे. तिसरी, चाळण्यांची उतरंड रचणे. त्यांच्या शोधकात ३८ पायऱ्या आणि एकूण ६,०६१ वैशिष्ट्ये होती. परंतु बहुतेक चित्रखंड पहिल्या एक-दोन चाळण्यांतच बाद होत असल्याने प्रत्येक खंडासाठी सरासरी १० वैशिष्ट्येच तपासावी लागत.

इंटेलमधील राइनर लीनहार्ट यांनी २००२ मध्ये या वैशिष्ट्यांचा विस्तार केला आणि शिकवून तयार झालेले चेहराशोधक ओपनसीव्हीसोबत वितरित होऊ लागले. परिणामी संशोधनात फारशी गती नसलेल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यालाही थोड्या ओळींच्या आज्ञांनी कॅमेऱ्यातील चेहऱ्याभोवती चौकोन काढता येऊ लागला. येथे एक भेद लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. चेहरा शोधणे म्हणजे चित्रात चेहरा आहे एवढेच सांगणे. तो कोणाचा आहे हे सांगणे ही पुढची आणि सामाजिकदृष्ट्या अधिक गंभीर पायरी होय. २००५ साली नवनीत दलाल आणि बिल ट्रिग्ज यांनी कडांच्या दिशांचे आलेख वापरून उभी माणसे शोधण्याची पद्धत मांडली आणि तीही ओपनसीव्हीत दाखल झाली.

पेटंटचा अडसर :

संकेत खुला असला तरी त्यामागील कल्पना मुक्त असतेच असे नाही. व्हिडिओ संकोचनाच्या एच.२६४ या २००३ च्या प्रमाणपद्धतीवर अनेक कंपन्यांची पेटंटे होती. स्वयंसेवकांनी तिचा मुक्त संकेत लिहिला. मात्र तो उत्पादनात वापरणाऱ्या कंपनीला काही देशांत पेटंटधारकांना शुल्क द्यावे लागत असे. या अडचणीला उत्तर म्हणून थिओरा, २०१० साली गूगलने खुली केलेली व्हीपी८ आणि २०१८ साली कंपन्यांच्या एका आघाडीने प्रसिद्ध केलेली एव्ही१ या शुल्कमुक्त पद्धती पुढे आल्या.

वस्तूंची ओळख पटविण्याच्या क्षेत्रातील ठळक उदाहरण ‘सिफ्ट’ या पद्धतीचे आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे डेव्हिड लो यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या या पद्धतीला २००४ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. त्यामुळे ओपनसीव्हीत ती मुख्य संग्रहाबाहेर, स्वतंत्र भागात ठेवावी लागली. मार्च २०२० मध्ये पेटंटची मुदत संपली आणि त्याच वर्षाच्या जुलैमध्ये आलेल्या ४.४ आवृत्तीत ‘सिफ्ट’ला मुख्य संग्रहात स्थान मिळाले. प्रसिद्ध शोधनिबंधातील एक कल्पना निर्वेधपणे सर्वांची होण्यास दोन दशके लागली, असा याचा अर्थ होतो.

शिकणारी यंत्रे आणि योलो :

२०१२ साल हे या इतिहासातील वळण होय. त्या वर्षी इमेजनेट स्पर्धेत टोरांटो विद्यापीठाच्या ‘ॲलेक्सनेट’ या बहुस्तरीय चेताजालाने चुकीचे प्रमाण १५.३ टक्क्यांवर आणले. दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धकाचे हे प्रमाण २६.२ टक्के होते. कोणती वैशिष्ट्ये पाहावीत हे माणसाने ठरविण्याचा काळ मागे पडला आणि यंत्र ती स्वतःच शिकू लागले. कॅफे, टेन्सरफ्लो, पायटॉर्च यांसारखी मुक्तस्रोत साधने अल्पावधीत पुढे आली.

वॉशिंग्टन विद्यापीठातील जोसेफ रेडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ‘योलो’ ही वस्तुशोधाची पद्धत मांडली. पूर्वीच्या पद्धती चित्राचे अनेक तुकडे निवडून प्रत्येकाची वेगळी तपासणी करीत. योलो संपूर्ण चित्र ७ × ७ च्या जाळीत विभागून एकाच फेरीत सर्व वस्तूंचे स्थान आणि प्रकार यांचा अंदाज देत असे. शक्तिशाली चित्रप्रक्रियकावर तिचा वेग सेकंदाला ४५ चौकटी इतका होता. रेडमन यांनी ‘डार्कनेट’ नावाचा संकेत जवळजवळ कोणतीही अट न घालता, विनोदी भाषेतील परवान्यासह जगासाठी खुला केला.

या नव्या पद्धतींमुळे जुन्या निरुपयोगी झाल्या असे मात्र नाही. ‘फ्रिगेट’ या पुढच्या काळातील घरगुती राखणप्रणालीत व्हिडिओ उलगडण्याचे काम एफएफएमपेग करते, चौकटींतील फरकावरून हालचाल आधी टिपली जाते आणि जेथे हालचाल झाली त्या भागापुरतेच चेताजाल चालविले जाते. सारे चित्र सतत तपासणे महाग पडत असल्याने साधी वजाबाकीच महागड्या प्रक्रियेची द्वारपाल बनते. या एका प्रणालीत या शोधनिबंधातील जवळजवळ सर्व टप्पे एकत्र नांदताना दिसतात.

परवाना आणि जबाबदारी :

फेब्रुवारी २०२० मध्ये रेडमन यांनी आपण संगणकीय दृष्टीतील संशोधन थांबविल्याचे जाहीर केले. आपल्या कामाचे लष्करी उपयोग आणि खासगीपणावर होणारे आघात यांकडे दुर्लक्ष करणे अशक्य झाल्याचे कारण त्यांनी दिले. कर्ता बाजूला झाला. पण त्याचे काम थांबले नाही. एप्रिल २०२० मध्ये अलेक्सेई बोचकोव्स्की आणि तैवानमधील दोन संशोधकांनी चौथी आवृत्ती प्रसिद्ध केली. जून २०२० मध्ये अल्ट्रालिटिक्स या कंपनीने ‘योलोव्ही५’ आणि जानेवारी २०२३ मध्ये ‘योलोव्ही८’ आणली. या कंपनीने अटी नसलेल्या परवान्याऐवजी एजीपीएल हा कडक परवाना आणि त्यासोबत सशुल्क व्यापारी परवाना असा दुहेरी मार्ग अवलंबिला.

या घटनाक्रमातून एक मूलभूत पेच समोर येतो. खुल्या सॉफ्टवेअरच्या व्याख्येनुसार कोणत्याही कार्यक्षेत्राविरुद्ध भेदभाव करता येत नाही. वापराच्या या स्वातंत्र्यामुळेच विद्यार्थी, घरमालक आणि अवकाशसंशोधक यांना समान साधन मिळाले. त्याच स्वातंत्र्यामुळे गर्दीवर नजर ठेवणाऱ्या शासनसंस्थेलाही ते मिळाले. २०१९ मध्ये मानवी हक्कांचे उल्लंघन करणारा वापर नाकारणारा ‘हिपोक्रॅटिक’ परवाना मांडण्यात आला. परंतु अशी अट घालताच सॉफ्टवेअर प्रचलित व्याख्येनुसार मुक्तस्रोत राहत नाही.

यंत्राची चूकही सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून लिंग सांगणाऱ्या व्यापारी प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण अधिकाधिक ०.८ टक्के, तर सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत आढळले. त्या प्रणाली बंदिस्त असल्याने केवळ बाहेरून तपासणे शक्य होते. संकेत आणि प्रशिक्षणसामग्री खुली असल्यास अशा दोषांची कारणे शोधणे सुकर होते. म्हणजेच खुलेपणामुळे पाळतीचे साधन स्वस्त होते, तसेच ते तपासण्याचा मार्गही मोकळा होतो. यांपैकी पहिली गोष्ट आपोआप घडते. दुसरी मात्र कोणीतरी कष्ट घेतल्यावरच घडते.

भारतीय संदर्भ :

भारतात या विषयाला कायद्याची स्वतंत्र चौकट लाभली आहे. १९७० च्या पेटंट कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आलेल्या तरतुदीनुसार निव्वळ संगणक आज्ञावली आणि गणनपद्धती यांना पेटंट मिळत नाही. २००४ च्या अध्यादेशाने ही तरतूद शिथिल करण्याचा झालेला प्रयत्न २००५ च्या कायद्यात टिकला नाही. २०१५ मध्ये केंद्र सरकारने शासकीय प्रणालींत मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले. शिक्षणाच्या क्षेत्रात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘फॉसी’ आणि ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पांनी पायथनसह अनेक मुक्त साधनांचे प्रशिक्षण दिले आणि ‘स्पोकन ट्युटोरियल’चे धडे मराठीतूनही उपलब्ध झाले.

खासगीपणाच्या बाजूने पाहता, २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्यात शासनसंस्थांना व्यापक सूट देण्याची तरतूदही आहे. सॉफ्टवेअरच्या परवान्याने अनुत्तरित ठेवलेला प्रश्न अशा रीतीने न्यायालय आणि विधिमंडळ यांच्यापुढे येऊन ठेपला आहे.

निष्कर्ष :

१) मुक्तस्रोत दृश्यप्रक्रिया सॉफ्टवेअर एका हेतूतून जन्मास आले नाही. विद्यार्थ्यांची गरज, व्यक्तीचे कौशल्य, कंपनीचा व्यापारी हिशेब, घरमालकाची धास्ती आणि संशोधकाची जिज्ञासा या पाच प्रेरणा त्यामागे दिसतात.

२) परवान्याचे स्वरूप हेतूनुसार ठरले. बाजारपेठ वाढविण्यासाठी सैल परवाना, तर सामायिक संकेत सामायिकच राहावा यासाठी कडक परवाना निवडला गेला.

३) आश्रयदाते बदलले, मतभेद झाले, कर्ते निवृत्त झाले, तरी खुला संकेत टिकला. मात्र हे सातत्य देखभाल करणाऱ्यांच्या श्रमावर अवलंबून राहिले.

४) शोध प्रसिद्ध होणे आणि तो सर्वांना वापरता येणे यांतील अंतर पेटंटांमुळे वाढले, तर मुक्त संग्रहांमुळे कमी झाले.

५) परवाना हा संकेत लिहिणारा आणि तो वापरणारा यांच्यातील करार असतो. कॅमेऱ्यासमोरून जाणारी व्यक्ती या करारात कोठेही पक्षकार नसते. कूम्ब्स यांच्या गॅरेजपुरते पाहिले, तर लिहिणारा, वापरणारा आणि ज्याची राखण व्हावयाची तो एकच होता. त्यामुळे हा प्रश्न उद्भवला नाही. कॅमेरा सार्वजनिक रस्त्यावर येताच या तीन भूमिका वेगळ्या झाल्या. त्या तिसऱ्या व्यक्तीचे रक्षण सॉफ्टवेअरच्या परवान्याकडून अपेक्षिणे व्यर्थ आहे. ते कायद्याने आणि त्या कायद्याच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणाऱ्या जागरूक समाजानेच करावयाचे आहे.